कुकरची रिंग

आउटलुकच्या उजव्या कडेला एक नवी पट्टी आली आहे.
येणाऱ्या प्रत्येक मेलमध्ये ती नाक खुपसते:
कोण लिहितंय, कुठल्या कंपनीचं, किती पौंडांचं,
शेवटचं बोलणं कधी झालं.
गॅरेथ म्हणाला, आता एकही ग्राहक हरवणार नाही.
आम्ही वॉल्सॉलमध्ये गॅस्केट विकतो,
डेअऱ्यांना, बिअरवाल्यांना, सुपाच्या एका कारखान्याला.
जिथे काही गळतं तिथे आमचं गिऱ्हाईक.

मंगळवारी दोन कोटेशनांच्या मध्ये मावशीची मेल आली.
सत्तरीत शिकलेली मेल, इंग्रजी अक्षरांतलं मराठी,
पूर्णविरामांना सुट्टी:
कुकरची रिंग गेली गं शिट्टी होत नाही नुसता फुसफुसतो
दुकानदार म्हणतो हे मॉडेल बंद झालं
तुमची कंपनी रिंगाच करते ना

पट्टीनं विचारलं, ही व्यक्ती नोंदीत नाही, जोडायची?
माझा एक हात सँडविचच्या कागदात होता.
दुसऱ्यानं हो दाबलं गेलं.

झालं.
कुमुदिनी शिराळकर, मुक्काम कराड,
संभाव्य ग्राहक क्रमांक चार हजार एकशे बारा.
टप्पा: प्राथमिक चौकशी. शक्यता: दहा टक्के.
मालक: मी.

रविवारी फोन करू म्हटलं.
कुठल्या रविवारी, ते म्हटलं नाही.

मग एका सोमवारच्या मीटिंगला भिंतीवर ती लाल होऊन आली.
एक्क्याण्णव दिवस संपर्क नाही.
गॅरेथनं नाव वाचून पाहिलं, कु, मु, आणि चहाचा घोट घेतला.
डेअरी आहे का?
मी म्हटलं, रोज एक लिटर घेते.
मग पाठपुरावा कर नाहीतर बंद कर, तो म्हणाला,
लाल राहिलं की माझा आलेख बिघडतो.

एक्क्याण्णव.
मी हा आकडा काढला नव्हता, काढलाही नसता.
माझ्या हिशेबी ते 'मध्यंतरी' होतं,
आणि मध्यंतरीत किती दिवस मावतात
हे आपल्यात कुणी मोजत नाही.

माप पाठव, मी लिहिलं.
आतून एक वीत दोन बोटं, तिनं कळवलं,
माझी वीत, तुझी नव्हे.

स्टोअर्सच्या क्लाइव्ह पार्डोनं तीस वर्षं मिलिमीटरांत काढलीत.
त्यानं चष्मा कपाळावर चढवला: कुणाचा हात?
मी माझा पंजा त्याच्या टेबलावर पसरला.
दहावीच्या सुट्टीत तिच्या पंजाला पंजा लावला होता,
अर्ध्या पेरानं मी पुढे गेले होते
आणि ती म्हणाली होती, जा आता.
अर्धं पेर वजा, मी सांगितलं.
उणे बारा, त्यानं लिहिलं, जराही न हसता.
पांढऱ्या सिलिकॉनच्या तीन रिंगा कापल्या,
एक नेमकी, एक सैल, एक घट्ट.
पैसे? नमुना म्हणून टाक.

टप्पा: जिंकलं. मूल्य: शून्य पौंड, शून्य पेन्स.

पुढचं सॉफ्टवेअरनं कुणाला न विचारता केलं.
माझ्याच नावानं तिला एक प्रश्न गेला:
शून्य ते दहापैकी आमच्यावर किती समाधानी आहात?
मीच विचारलंय असं वाटून तिनं उत्तर दिलं,
नऊ
मधली बसली काल वरण केलं तीन शिट्ट्या
एक मार्क कापला रिंग आली तू नाही आलीस

पट्टीनं ते आपलं आपण नोंदीला चिकटवलं.
गॅरेथला अहवालासाठी भाषांतर हवं होतं.
म्हटलं, मालाबद्दल तक्रार नाही. डिलिव्हरी अपुरी.
त्यानं मान हलवली. मग पुढच्या कृतीची तारीख टाक, म्हणाला,
तो चौकोन रिकामा ठेवून
सेव्ह होत नाही.